जातिलुविहला निघण्याआधी: बालीतल्या एका भातगावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बालीला जाऊन आलेल्या बहुतेक मराठी घरांत एक फोटो हमखास सापडतो. मागे पायऱ्यापायऱ्यांची हिरवीगार खाचरं, पुढे हॅट सावरणारी काकू, आणि कोपऱ्यात ड्रायव्हरचा अंगठा. फोटो कुठला, असं विचारलं तर उत्तर येतं, "अहो, ते राइस टेरेस." त्या राइस टेरेसला गाव आहे, गावाला नाव आहे आणि ती खाचरं कसणारी माणसं तिथेच राहतात. नातेवाइकांनी, सोसायटीतल्या मंडळींनी आणि शेती करणाऱ्या दोन-तीन मित्रांनी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवतो आहे. शेतकऱ्यांचे प्रश्न सगळ्यांत चांगले होते, म्हणून त्यांची उत्तरंही लांबली आहेत.

हे गाव नेमकं कुठे आहे?

इंडोनेशियातल्या बाली बेटावर, तबानान जिल्ह्यातल्या पनेबेल तालुक्यात. २,२७६ मीटर उंचीच्या बातुकारू डोंगराच्या दक्षिण उतारावर हे गाव वसलंय. समुद्रसपाटीपासूनची उंची साधारण ७०० मीटर, म्हणजे पाचगणीपेक्षा बरीच कमी. तरी संध्याकाळी अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटतं. देनपासार शहरापासून अंतर जेमतेम पन्नास किलोमीटर आहे, पण रस्ता अरुंद आणि वळणावळणाचा, त्यामुळे दोन तास धरून चाला.

नाव कसं उच्चारायचं आणि अर्थ काय?

जातिलुविह. शेवटचा 'ह' घाटातल्या दमासारखा, हलकेच सोडायचा. 'जाति' म्हणजे खरंखुरं आणि 'लुविह' म्हणजे उत्तम, विशेष. आपल्या 'जात'शी या 'जाति'चा काही संबंध जोडू नका.

इंडोनेशियात 'देसा' म्हणजे आपली ग्रामपंचायत का?

शब्द आपलाच, 'देश'. समुद्र ओलांडताना तो लहान होऊन गावापुरता उरला. पण बालीत एका गावात दोन गावं नांदतात. एक सरकारी गाव, 'देसा दिनास'. दाखले, योजना, रस्ते, निधी हे सगळं त्याच्याकडे. त्याच्या प्रमुखाला बालीत 'पर्बकेल' म्हणतात. दुसरं रिवाजाचं गाव, 'देसा आदात'. देवळं, सण, स्मशान, लग्नाचे नियम, गावातल्या जमिनीच्या चालीरीती या गावाच्या अखत्यारीत, आणि त्याचा प्रमुख 'बंदेसा'. त्याखाली 'बंजार', म्हणजे आळी किंवा वाडी. प्रत्येक बंजारला बैठकीचा मंडप असतो आणि मंडपाशी लाकडाचा पोकळ ढोल, 'कुलकुल', टांगलेला असतो. तो वाजला की घरटी एक माणूस हजर. कुठल्या कामासाठी बोलावलंय हे ठोक्यांच्या चालीवरून कळतं. व्हॉट्सॲप ग्रुप आता आहेतच, पण कुलकुल म्यूट करता येत नाही.

या दोन्हींपेक्षा वेगळी तिसरी संस्था म्हणजे सुबाक. गाव समजून घ्यायचं असेल तर खरी मेख तिथे आहे.

सुबाक म्हणजे काय?

एकाच उगमाचं पाणी वापरणाऱ्या शेतकऱ्यांची संघटना. घर कुठल्या गावात आहे, याला इथे महत्त्व नाही. तुमच्या खाचरात पाणी कुठून येतं, त्यावर तुम्ही कोणत्या सुबाकचे ते ठरतं. त्यामुळे एका गावचे लोक दोन-तीन सुबाकांत असू शकतात आणि एका सुबाकात अनेक गावांचे. बालीत अशा सुमारे १,२०० सुबाक आहेत आणि प्रत्येकात साधारण ५० ते ४०० शेतकरी. बेटावरची ही कालव्यांची आणि पाण्याच्या देवळांची व्यवस्था नवव्या शतकापासून चालत आलेली मानतात. अकराव्या शतकातल्या कोरीव लेखांत हा शब्दसुद्धा सापडतो.

सुबाकचा प्रमुख 'पकासेह'. त्याला सभासद निवडून देतात. सभासदाला मत एकच, मग त्याची जमीन चार खाचरांची असो की चाळीस. नियमांना 'आविग-आविग' म्हणतात. पाटाची सफाई, बंधाऱ्याची डागडुजी, देवळातली सेवा, पाणी चोरल्याचा दंड हे सगळं त्यात येतं. जातिलुविहचा सुबाक सुमारे ३०० हेक्टरांचा आहे आणि सोयीसाठी त्याचे 'तेम्पेक' नावाचे सात भाग केलेले आहेत.

पाणी वाटतात कसं? भांडणं होत नाहीत?

होतात की. पाणी आणि भांडण नाही, असं गाव अजून कुणी पाहिलेलं नाही. फरक इतकाच की वाटप डोळ्यांना दिसतं, म्हणून भांडण लवकर मिटतं.

ओढ्यावर छोटा बंधारा असतो. तिथून पाट निघतो. काही ठिकाणी तो डोंगर पोखरून केलेल्या बोगद्यातून जातो, आणि हे बोगदे जुन्या काळी हाताने खोदलेले आहेत. पुढे पाटाचे फाटे फुटतात. प्रत्येक फाट्यावर आडवं लाकूड बसवलेलं असतं, त्याचं नाव 'तम्बुकू'. लाकडात खाचा असतात आणि खाचेच्या रुंदीवर वाटा ठरतो. या वाट्याला 'तेकतेक' म्हणतात. एका फाट्याला दोन वाटे आणि दुसऱ्याला एक, तर खाच दुप्पट रुंद. यात झडपाही नाहीत आणि मीटरही नाही. पाटात पाणी वाढलं तर सगळ्यांचं वाढतं आणि कमी झालं तर सगळ्यांचं कमी होतं. लाकूड कुणी रात्री कुरतडलं, तर सकाळी पहिला येणारा शेतकरी बोट ठेवून सांगतो.

हे ऐकून धुळ्याच्या माझ्या मित्राला लगेच पांझरेवरची फड पद्धत आठवली. बंधारा, पाट, गावाने नेमलेला पाटकरी, कुठल्या फडात कुठलं पीक हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. तत्त्व तेच आहे. बालीत त्यावर देऊळ आणि पंचांग यांचा थर चढला, आणि माझ्या मते त्यामुळेच ती व्यवस्था जास्त टिकली.

वरच्या शेतकऱ्याने खालच्याला पाणी का सोडावं? त्याचा काय फायदा?

सगळ्यांत आवडलेला प्रश्न. नगर जिल्ह्यातल्या एका उसवाल्याने विचारला होता, थोडा खवचटपणे.

भाताची दोन दुखणी आहेत, पाणी आणि कीड. खालच्या शेतकऱ्याला काळजी पाण्याची. वरचे सगळे एकाच वेळी चिखलणीला बसले की खाली येतं ते उरलंसुरलं. वरच्या शेतकऱ्याला पाण्याची काळजी नाही, पण किडीची आहे. त्याचं शेत कापून रिकामं झालं आणि खाली भात उभाच असला, तर उंदीर आणि तुडतुडे तिथे मजेत राहतात आणि पुढच्या हंगामात वर येतात. कीड मारायची तर मोठ्या पट्ट्यात सगळ्यांनी एकाच वेळी कापणी करायची आणि मग काही आठवडे शिवार मोकळं किंवा पाण्याखाली ठेवायचं. खायलाच नसलं की कीड उपाशी मरते. पण सगळ्यांनी एकदम कापायचं असेल तर लावणीही जवळपास एकदमच हवी, आणि खालच्याला पाणीच नसेल तर तो वेळेवर लावणी करणार कशी? म्हणून वरचा पाणी सोडतो, कारण त्यात त्याच्याच भाताचं रक्षण आहे. परोपकार वगैरे नंतरची गोष्ट.

जे. स्टीफन लॅन्सिंग या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने जेम्स क्रेमर या परिसंस्थातज्ज्ञाबरोबर याचं संगणकावर गणित मांडलं. प्रत्येक शेतकऱ्याने आपल्या मनाने लावणी केली तर काय होतं, आणि अख्ख्या खोऱ्याने एकाच दिवशी केली तर काय, हे त्यांनी पाहिलं. पहिल्या पर्यायात कीड माजते, दुसऱ्यात पाणी पुरत नाही. उत्पन्न सर्वांत चांगलं येतं ते मधल्या पर्यायात, शेजारच्या सुबाकांनी गट करून ठरवलेल्या वेळापत्रकात. आणि हे गट पाण्याच्या देवळांच्या गटांशी बऱ्याच अंशी जुळत होते. देवळातली पूजा कधी, हे ठरलं की कुणाचं पाणी कधी, तेही ठरतं. पुजारी धरणाचं वेळापत्रक चालवतो आहे, हे बाहेरच्यांच्या लक्षात यायला विसावं शतक सरत आलं.

हरितक्रांती तिथे पोचली नाही का?

पोचली, आणि दणक्यात पोचली. १९७०च्या दशकात सरकारने बुटकी, लवकर येणारी वाणं, खत आणि औषधं यांचं पॅकेज आणलं. देवळाचं पंचांग बाजूला ठेवा आणि जमेल तितक्या वेळा भात घ्या, असा सल्ला होता. पहिली काही वर्षं उत्पन्न वाढलंही. मग शिवारात सतत कुठे ना कुठे भात उभा राहू लागला, तपकिरी तुडतुडे आले, औषध वाढलं, पुढे औषधाला दाद न देणारी कीड आली. १९८६ मध्ये इंडोनेशियाच्या राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढून भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. बालीत शेतकरी पुन्हा जुन्या पाळीकडे वळले. हरितक्रांती सगळीच वाईट होती असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. तांदळासाठी रांगा पाहिलेल्या पिढीला ते ऐकवून बघा. पण गावातली एखादी रीत मोडण्याआधी ती का आहे एवढं तरी विचारायला हवं होतं.

जातिलुविहचा लाल तांदूळ वेगळा का?

वर्षातलं पहिलं पीक स्थानिक भाताचंच घ्यायचं, असा सुबाकचा रिवाज आहे. लावणी साधारण जानेवारीत, कापणी जून-जुलैच्या सुमारास. पाच-सहा महिने शेतात उभं राहणारं, माणसाच्या छातीला लागणारं हे पीक. दाण्यावरचं साल लालसर असतं. तांदूळ शिजायला वेळ लागतो, पण भात चवीला दमदार. कोकणातला उकडा तांबडा भात खाणाऱ्याला त्यात परकं काही वाटणार नाही. लाल भात निघाला की उरलेल्या महिन्यांत लवकर येणारं पांढरं वाण घेतात.

जुन्या उंच भाताची लोंबी एकेक करून कापायची पद्धत होती. त्यासाठी तळहातात लपेल एवढं छोटं पातं असतं, त्याला इंडोनेशियात 'आनी-आनी' म्हणतात. भातदेवीला कोयता दिसू नये, ती घाबरेल, म्हणून पातं मुठीत लपवायचं. आता विळेही सर्रास दिसतात. कापलेल्या लोंब्यांच्या जुड्या खांबांवर उभारलेल्या उंच कोठारात ठेवतात. अशी कोठारं अजून काही अंगणांत उभी आहेत, काहींत मात्र स्कूटर ठेवलेली असते.

शेत मोकळं झालं की बदकं येतात. एक माणूस फडकं बांधलेली काठी खाचरात रोवून निघून जातो आणि पन्नास बदकं दिवसभर त्या काठीच्या आसपास गोगलगाई, किडे आणि सांडलेलं धान्य टिपतात. संध्याकाळी काठी उचलली की रांगेने मागोमाग घरी.

भाताला डोहाळे लागतात, हे खरं का?

भात पोटरीला आला की 'बियूकुकुंग' नावाचा विधी करतात. भात आता गर्भार आहे, असं मानून खाचराच्या कडेला नैवेद्य ठेवतात. आपणही 'भात पोटरीला आला' म्हणतो, त्यांनी त्याचं पुढे डोहाळजेवण केलं एवढंच. याआधी, पाणी पहिल्यांदा सोडताना बंधाऱ्याशी 'मापाग तोया', म्हणजे पाण्याचं स्वागत. शेवटी धान्य कोठारात आलं की 'मांतेनिन'. या सगळ्याची अधिष्ठात्री देवी श्री. तिची नारळाच्या किंवा ताडाच्या पात्याची पंख्यासारख्या मुकुटाची बाहुली शेतात आणि कोठारात दिसेल. लातूर-धाराशिवकडे वेळा अमावास्येला शेतात पांडवांची पूजा मांडून जेवणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

ते आपल्यासारखेच हिंदू का?

हो आणि नाही. नमस्कार 'ओम स्वस्त्यस्तु', समारोप 'ओम शांतिः शांतिः शांतिः'. आभार मानायला 'सुक्स्मा', म्हणजे आपला 'सूक्ष्म'. आभाराशी त्याचा संबंध काय, हे शोधत मी एक अख्खी दुपार घालवली, असो. तीर्थाला 'तीर्ता' म्हणतात आणि त्याचं महत्त्व एवढं की त्या धर्माला पूर्वी 'आगामा तीर्ता', तीर्थाचा धर्म, असंही म्हटलं जाई. पण देवळात गेलात तर गाभाऱ्यात मूर्ती शोधत बसू नका. मोकळ्या अंगणात दगडी आसनं आणि उतरत्या छपरांचे मनोरे असतात. देव उत्सवाला येतात, नंतर जातात. पितरांचं स्थान फार मोठं. आणि पूजेच्या जेवणात डुकराचं मांस असतं, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे तिथे तोंड वाकडं व्हायला नको.

सकाळचा स्वयंपाक झाला की केळीच्या पानाच्या तुकड्यांवर चिमूटभर भात चुलीपाशी, पाण्यापाशी, उंबऱ्याशी, देवघरात ठेवतात आणि मगच घरातले जेवतात. काकबळी आणि नैवेद्य पाहत वाढलेल्या माणसाला तिथे एकदम आजीची आठवण येते.

तुमच्या गाइडच्या तोंडी 'त्री हिता कारणा' हे शब्द दहा वेळा येतील. हिताची तीन कारणं: माणसाचं देवाशी, माणसाचं माणसाशी आणि माणसाचं निसर्गाशी असलेलं नातं. २०१२ साली युनेस्कोने बालीच्या सुबाक प्रदेशाला जागतिक वारसा यादीत घेतलं तेव्हा शीर्षकातच हे शब्द होते. त्या यादीत पाच ठिकाणं मिळून १९,५०० हेक्टर आहेत आणि जातिलुविह त्यातल्या बातुकारू पट्ट्यात येतं.

त्यांचा नववर्षाचा दिवस आणि आपला पाडवा एकच का?

कधी कधी अगदी एकच. बालीत शक कालगणना चालते आणि आकडाही आपलाच. २२ मार्च २०२३ रोजी आपण गुढी उभारून शके १९४५ सुरू केलं, त्याच दिवशी बालीत न्येपी होतं आणि त्यांचंही शक १९४५ लागलं. २०२४ मध्ये मात्र न्येपी ११ मार्चला आणि पाडवा ९ एप्रिलला, कारण अधिक महिना धरण्याचे नियम वेगळे.

साजरा करण्याची तऱ्हा मात्र पार उलटी. आदल्या रात्री 'ओगोह-ओगोह' नावाचे राक्षसांचे प्रचंड पुतळे नाचवत गोंगाट आणि दुसऱ्या दिवशी चोवीस तास चिडीचूप. विस्तव नाही, काम नाही, घराबाहेर पडणं नाही, करमणूक नाही. विमानतळ बंद. २०१८ पासून मोबाइल इंटरनेटही बंद. रस्त्यावर फक्त 'पचालांग', रिवाजाच्या गावाचे पहारेकरी. जातिलुविहसारख्या गावात त्या रात्री आकाशगंगा दिसते म्हणतात, आणि न दिसायला कारणही नाही.

गुढीसारखी दिसणारी गोष्ट वेगळ्या सणाला, गालुंगानला असते. दारोदारी वाकलेला उंच बांबू, 'पन्जोर', पात्यांनी आणि धान्याने सजवलेला. हा सण २१० दिवसांच्या दुसऱ्या पंचांगावर चालतो, म्हणून २०२५ मध्ये तो २३ एप्रिलला आला आणि पुन्हा १९ नोव्हेंबरला.

पोळा असतो का?

नावाने नाही, पण 'तुम्पेक कान्दांग' हा गुराढोरांचा दिवस आहे. त्या दिवशी गाईगुरांना अंघोळ, नैवेद्य. झाडांसाठी 'तुम्पेक वारिगा', गालुंगानच्या २५ दिवस आधी: सणाला भरपूर फळ दे, असं झाडाला सांगायचं. आणि हत्यारांसाठी 'तुम्पेक लान्देप', जी आता मुख्यतः मोटारसायकलींची पूजा झाली आहे. आपल्या दसऱ्याचं तरी वेगळं काय झालंय? नांगराला पूर्वी गाई जुंपत, म्हणजे बदामी रंगाच्या, पायात पांढरे मोजे घातल्यासारख्या दिसणाऱ्या बाली गाई. आता बरंचसं काम पॉवर टिलर करतो.

घरं कशी असतात?

एक खोली म्हणजे घर, असा हिशेब नाही. भिंतीच्या आवारात मधे अंगण आणि भोवती सुटे मंडप. एक झोपायचा, एक समारंभाचा, एक स्वयंपाकघर, एक कोठार. दारातून आत शिरलं की समोर आडवी भिंत: भुतं सरळ चालतात, त्यांना वळता येत नाही. डोंगराकडची आणि उगवतीकडची बाजू पवित्र, म्हणून देवघर त्या कोपऱ्यात. समुद्राकडची बाजू डुकरांची आणि कचऱ्याची. पत्ता विचारला तर तिथले लोक उजवं-डावं न सांगता 'डोंगराकडे जा, मग मावळतीला' असं सांगतात. गूगल मॅपची सवय असलेल्याची जरा पंचाईत होते.

सगळ्यांची नावं सारखीच का?

पहिल्याचं वायान, दुसऱ्याचं मादे, तिसऱ्याचं न्योमान, चौथ्याचं कतुत. मुलगा असो की मुलगी. पाचवं झालं तर पुन्हा वायान. पुतू, कादेक, कोमांग ही त्याच क्रमांची पर्यायी नावं. पुढे स्वतःचं नाव जोडतात, त्यामुळे वाटतो तितका गोंधळ होत नाही. कुटुंब नियोजनानंतर कतुत दुर्मीळ होत चालले आहेत, अशी खंत तिथे जाहीरपणे व्यक्त होते. थोरल्या पुरुषाला 'ब्ली', थोरल्या बाईला 'म्बोक', म्हणजे दादा आणि ताई. आजोबा 'पकाक', आजी 'दादोंग'.

मुलगा नसेल तर शेत कुणाचं?

वारसा बापाकडून मुलाकडे, हाच बालीचा सर्वसाधारण रिवाज. पण तबानान जिल्हा एका गोष्टीसाठी ओळखला जातो: 'न्येन्ताना'. मुलगी वारस ठरते आणि जावई तिच्या घरी नांदायला येतो, तिच्या घराण्याच्या देवघराचा होतो. आपल्याकडे घरजावई म्हटलं की चेष्टा सुरू होते. तिथल्या इतर जिल्ह्यांतही काहीजण नाक मुरडतात, पण तबानानमध्ये ती रुळलेली रीत आहे. बायकांच्या हक्कांचा प्रश्न त्याने सुटला, असं म्हणणं धाडसाचं होईल. जमीन मात्र घरात राहते.

शाकाहारी माणसाचं कसं होणार?

होईल, पण तोंड उघडावं लागेल. 'तेम्पे', म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, आणि 'ताहू', म्हणजे टोफू, सगळीकडे मिळतं. खोबरं घातलेल्या भाज्या, कसावाचा पाला, शेंगदाण्याची चटणीसारखी आमटी, हे आपल्या जिभेला चालतं. अडचण आहे ती 'तरासी'ची. सुक्या कोळंबीचा हा लगदा चटणीत आणि मसाल्यात न सांगता असतो. म्हणून 'दागिंग नको, इकान नको, तरासी नको' अशी तिन्ही नावं घ्या: मांस, मासे, कोळंबी. पहिली दोनच सांगून मी फसलो आहे.

घरात स्वयंपाक सकाळी एकदाच होतो आणि झाकून ठेवतात. ज्याला भूक लागेल तो वाढून घेऊन बसतो. पंगत फक्त समारंभाला. आणि समारंभाचं 'लावार', बारीक चिरलेल्या भाज्या, खोबरं, मांस आणि मसाला यांचं कालवण, पहाटे उठून पुरुष मंडळी करतात. गावजेवणाचा आचारी पुरुषच, हे तिकडेही खरं.

तरुण गावात राहतात का?

रोज सकाळी मोटारसायकलवरून खाली उतरतात किंवा दक्षिण किनाऱ्याच्या हॉटेलांजवळ भाड्याने राहतात. शाळा, वीज, दवाखाना गावापर्यंत पोचलेत, तेव्हा शिकलेल्या मुलाने चिखलात का उतरावं, याला आईबापांकडेही उत्तर नसतं. सणाला, कुलकुल वाजला की मात्र यावं लागतं. न आल्यास दंड भरतात, आणि काहीजण दंड भरणंच पत्करतात.

पर्यटनाने गावाचं भलं झालं की वाटोळं?

२०१२ नंतर गर्दी वाढली. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने उत्तम पर्यटन-गावांच्या यादीत जातिलुविहचं नाव घेतलं, आता ती आणखी वाढेल. तिकिटाच्या पैशात प्रशासनाचा, गावाचा आणि सुबाकचा वाटा असतो. चहाची टपरी, जेवणाची जागा, राहायच्या खोल्या यांतून अनेक घरांना आधार मिळाला.

पण लोक पैसे देतात ते शेत बघायचे आणि मिळकत होते ती शेताशेजारच्या हॉटेलात. खाचर राखणाऱ्याला बांधकामाची बंदी, खाचर विकणाऱ्याला भाव. हा हिशेब सरळ नाही हे तिथला प्रत्येक शेतकरी जाणतो. माझं मत विचाराल तर वारसा यादीत नाव लावण्याआधी कसणाऱ्याचं वर्षाचं उत्पन्न ठरायला हवं होतं. एक खाचर बुजलं तर फक्त फोटो बिघडत नाही. त्याच्या खालच्या पाटाचं गणितही बिघडतं.

कधी जावं?

भात पिकलेला पाहायचा तर जून. लावणी आणि आरशासारखी पाण्याने भरलेली खाचरं पाहायची तर जानेवारीच्या आसपास, पण तेव्हा पाऊस असतो. पावसाळा साधारण नोव्हेंबर ते मार्च. मे महिन्याच्या सुट्टीत गेलात तर हिरवा भात नक्की.

तिथे गेल्यावर काय पाळावं?

बांधावरून चाला, पण शेतकरी समोरून आला तर तुम्ही थांबा. त्याच्या डोक्यावर भारा असतो, तुमच्या हातात फक्त फोन. खाचरात ड्रोन पाडू नका. देवळात जाताना कमरेला सारोंग आणि शेला बांधायचा. पाळी चालू असलेल्या बायकांनी आणि घरात नुकतंच कुणी गेलेल्यांनी देवळात येऊ नये, असा फलक असतो. पटो न पटो, दारात वाद घालायची ती जागा नव्हे. रस्त्यावर ठेवलेल्या फुलांच्या द्रोणाला पाय लावू नका. आणि कुत्र्यांना गोंजारू नका: २००८ पासून बालीत रेबीज आहे, चावलं तर त्याच दिवशी लस.

व्हिसा आणि खर्च?

भारतीयांना पोचल्यावर व्हिसा मिळतो, ५,००,००० रुपियात ३० दिवसांचा. आकड्याने घाबरू नका, रुपिया हा रुपया नव्हे. १४ फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी पाहुण्यांना १,५०,००० रुपियांचा वेगळा पर्यटन कर आहे. गावात शिरताना तिकीट लागतं, ते निराळं.

लाल तांदळाचं बियाणं आणता येईल का?

कोकणातल्या दोघांनी विचारलंय. परवान्याशिवाय परदेशी बियाणं देशात आणता येत नाही, तेव्हा पिशवीत लपवून आणायचा विचार सोडा. भाजलेल्या लाल तांदळाचा चहा मात्र गावातल्या टपऱ्यांवर पाकिटात मिळतो. मूठभर तांदूळ उकळत्या पाण्यात टाकून पाच-सात मिनिटं झाकून ठेवा, मग गाळा. दूध घालू नका. खाली उरलेला तांदूळ फेकायचा नाही, तो मीठ लावून खातात, निदान मी तरी खातो.